खिशातल्या राक्षसाची पाटी

“अर्थ सांगा, मंग झाकण उघडतो.”

रंगाच्या डब्याच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून तो एवढंच म्हणायचा आणि थांबायचा. समोरचा दुकानदार घाईत असो, उद्घाटन दुसऱ्या दिवसावर आलेलं असो, त्याला फरक पडत नसे. पाटीवर लिहायच्या नावाचा अर्थ कळल्याशिवाय आमच्या पेंटरनं पांढरकवड्यात एकही पाटी रंगवली नाही. तुमच्याही गावात पाट्या रंगवणारा कोणीतरी असेल, निदान फ्लेक्स येण्याआधी तरी होता. पण अर्थासाठी असा अडून बसणारा तुम्ही पाहिला असेल असं मला वाटत नाही.

त्याला नाव होतं. गावात ते कोणी वापरत नसे. पेंटर, नाहीतर पेंटरभाऊ. मीही इथे तेवढंच म्हणणार आहे. त्याचं नाव घेण्याचा हक्क मी घालवला आहे. तो कसा, तेच सांगायला बसलोय.

मी इथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. आमची ओळख एका शब्दामुळे झाली. मधल्या सुट्टीत तो फाटकाशी येऊन उभा राहिला. कानामागे पेन्सिल, खांद्याला कापडी पिशवी, बोटांच्या पेरांवर निळा रंग.

“सर, ओअ‍ॅसिस म्हंजे काय हो?”

हायवेवर कोणी नवं हॉटेल काढलं होतं, त्याचं नाव होतं ते. मी सांगितलं, वाळवंटात मधेच पाणी लागतं ती जागा.

त्याचा चेहरा फुलला. “मालक म्हन्ते, मले नाही माहीत, नागपूरले पाह्यलं, चांगलं वाटलं म्हून ठेवलं. आता सांगतो त्याले. बावा, दारात मानसायसाठी पान्याचा माठ ठेवत जाय, नाही तं नाव बदल.”

आणि खरोखरच त्या हॉटेलच्या दारात माठ आला. पाटी होती तोवर माठही होता.

मग तो येतच राहिला. त्याच्या पिशवीत एक जाड वही असायची. तीत शब्द आणि त्यांचे अर्थ. इंग्रजी मी सांगायचो, उर्दू मशिदीजवळचे एक म्हातारे शिंपी सांगायचे, गोंडी आणि कोलामी शब्द तो आठवडी बाजारात बायाबापड्यांना गाठून विचारायचा. गावाच्या नावातला ‘कवडा’ म्हणजे पारव्यासारखा पक्षी की कवडी, यावर त्यानं गावातल्या निम्म्या माणसांशी वाद घातला होता. दोन्ही अर्थ वहीत लिहून खाली त्यानं शेरा मारला होता : पक्का नाही.

एकदा मात्र त्यानं अर्थ विचारला आणि विचारल्याचा त्याला पश्चात्ताप झाला. एका दूधवाल्यानं डेअरी काढली. नाव, पिंकी डेअरी. पेंटरनं सवयीनं विचारलं, “पिंकी म्हंजे?” तो माणूस म्हणाला, “पोरगी होती माही.” पेंटर मला हे सांगत असताना खाली पाहत होता. त्या पाटीतल्या प्रत्येक अक्षराच्या आत त्यानं केसाइतकी बारीक गुलाबी रेघ ओढली होती. रस्त्यावरून ती दिसत नसे. जवळ जाऊन, मान वर करून पाहिलं तरच दिसायची. दूधवाला रोज सकाळी शटर उघडताना वर पाहतो, एवढं मी पाहिलं आहे.

फ्लेक्स आल्यावर त्याचं काम आटलं. फ्लेक्सवाला अर्थ विचारत नाही, अर्ध्या तासात काढून देतो. पेंटरकडे उरल्या गाड्यांच्या नंबरप्लेटा, सरकारी भिंतींवरची घोषवाक्यं, अंगणवाडीच्या भिंतीवरचे आंबे आणि पोपट. तो कुरकुरला नाही. “झाडाखाली झाड लावा असं लिवलं होतं त्यायनं,” एकदा म्हणाला. “मी दारापुढं केलं. अर्थच नाही लागत होता.”

असं चालू असताना त्याला एक खरी पाटी मिळाली.

मारेगावकडची एक मुलगी लग्न होऊन आमच्या गल्लीत आली होती. शिकलेली, उत्साही. दोन खोल्या भाड्यानं घेऊन तिनं लहान मुलांची शाळा काढायचं ठरवलं. मोबाइलवर तो धावाधाव करत जनावरं पकडायचा खेळ आला होता, त्याच वर्षीची ही गोष्ट. टीव्हीवर कार्टून तर आधीपासून होतंच. मुलं त्यानं वेडी झाली होती, म्हणून मॅडमनं शाळेचं नाव ठेवलं पोकेमॉन प्ले स्कूल. आणि फ्लेक्स नको, पत्र्यावर हातानं रंगवलेली पाटी हवी, असा हट्ट धरला.

पेंटर संध्याकाळी माझ्या ओसरीवर आला.

“सर, मोठं कोडं हाये. पोकेमॉन.”

“कार्टून आहे ते.”

“ते तं पोट्टे बी सांगते. अर्थ?”

अर्थ मला माहीत नव्हता. मोबाइलवर शोधला, दोनचार ठिकाणी वाचून खात्री केली आणि त्याला सांगितला. मूळ नाव पॉकेट मॉन्स्टर. खिसा आणि राक्षस. लांबलचक इंग्रजी शब्द तोडून आखूड करायची जपानी लोकांना सवय; त्यांनी पहिल्या शब्दाचं ‘पोके’ घेतलं, दुसऱ्याचं ‘मॉन’ घेतलं, आणि जोडून टाकलं.

“खिशातला राक्षस!” तो इतक्या मोठ्यानं हसला की बायको आतून बाहेर आली. “मंग आपल्यात त्याचं खिरा होते.”

“काय?”

“खिशातल्याचा खि, राक्षसाचा रा. खिरा.” मग जरा थांबून, “पन राक्षस खिशात काहून?”

मी म्हटलं, खेळात तो पकडून लहानशा चेंडूत बंद करतात, चेंडू खिशात मावतो. ज्यानं हा खेळ काढला त्याला लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता म्हणतात.

“आमीबी करत होतो ना! आगपेटीत सोनकिडे ठेवत होतो. आगपेटी खिशात.” त्यानं सदऱ्याचा खिसा चाचपून दाखवला. “म्हंजे हा आपल्यासारखाच मानूस हाये, सर.”

मी आणखी एक गंमत सांगितली. या शब्दाला अनेकवचन नाही. एक असो की शंभर, पोकेमॉनच.

“लाडूसारखं,” तो म्हणाला आणि वही माझ्यापुढे सरकवली. “हे तुमच्या अक्षरात लिवून द्या, सर. मोठा शब्द हाये.”

मी लिहून दिलं. शाईच्या पेननं, नीट, तोडलेले दोन्ही शब्द सुटे करून. खाली सही मारली. त्याला बरं वाटावं म्हणून.

ती पाटी मी आजही डोळे मिटून सांगू शकतो. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं. डाव्या कोपऱ्यात शाळेच्या गणवेशाचा आकाशी खिसा, आणि खिशातून डोकावणारं एक हिरवं जनावर. टीव्हीवरचं कोणतंच नव्हे, त्याच्या डोक्यातलं. दोन मोठे डोळे, एकच दात, आणि तोंडावर असे भाव की आत्ताच कोणीतरी त्याला झोपेतून उठवलंय. मुलं येता जाता त्याला “खिरा, टाटा” म्हणायची. खाली उजव्या कोपऱ्यात पेंटरची बारीक सही.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. गावातल्या मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागला. पोकेमॉन या शब्दाचा जपानी भाषेतला खरा अर्थ ‘मी देव मानत नाही’ असा आहे, तुमच्या लेकरांकडून हे रोज म्हणवून घेतलं जात आहे, जागे व्हा. खाली त्या पाटीचा फोटो. आणि फोटोत पेंटरच्या सहीभोवती लाल गोल.

पेंटरच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे हे गावाला वीस वर्षं माहीत होतं. या वीस वर्षांत त्यानं देवीच्या मंदिराची पाटी रंगवली, गणपती मंडळांच्या कमानी रंगवल्या, आरतीचे शब्दसुद्धा भिंतीवर लिहिले, अर्थ विचारून. तेव्हा ते कोणाच्या डोक्यात नव्हतं. त्या दिवशी एकदम सगळ्यांना आठवलं.

दुपारी मी शिक्षकखोलीत होतो. शिपाई बोलवायला आला, मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. पंधराएक पोरं उभी होती. निम्मी माझ्या हाताखालून गेलेली. पुढे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. त्याला मी दहावीला इंग्रजी शिकवलं होतं. मधोमध पेंटर, खांद्याला पिशवी. त्याला कोणी मारलं नव्हतं. सदऱ्याचं वरचं बटण तेवढं तुटलेलं होतं.

पुतण्या माझ्याशी अदबीनं बोलला. “सर, तुमी इंग्रजीचे. हा पेंटर म्हन्ते, त्या नावाचा अर्थ तुमीच याले सांगितला. खिसा का काय. खरं हाये का?”

आदल्या आठवड्यापर्यंत ही पोरं त्याला पेंटरभाऊ म्हणत होती.

पेंटर माझ्याकडे पाहून हसला. सुटल्यासारखा. आता सर आले, आता झालं, असं. “सांगा ना, सर. पॉकेटचं पोके.”

मुख्याध्यापक टेबलावरचा कागद उगाच सरळ करत होते. पंख्याचा आवाज येत होता. मला अर्थ माहीत होता. चारच वाक्यांचं काम होतं, आणि ती पोरं माझ्यासमोर अजून हात मागे बांधून उभी राहत असत.

मी म्हणालो, “बोलण्याबोलण्यात काही निघालं असेल. मला नक्की आठवत नाही. आणि शब्दाचं काय, एका शब्दाचे अनेक अर्थ असू शकतात.”

ते वाक्य मी वर्गात हजार वेळा म्हटलं असेन. एवढं घाण वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

पेंटरचा हात पिशवीत गेला. त्या पिशवीत काय होतं ते त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. वही, वहीत माझं अक्षर, अक्षराखाली माझी सही. मी त्याच्या मनगटाकडे पाहत राहिलो. ते काही वेळ पिशवीत तसंच राहिलं. मग त्यानं हात बाहेर काढला. रिकामा.

“सरायले लय कामं असते,” तो पोरांना म्हणाला. “नसन आठवत. मीच माह्या मनानं लिवलं असन.”

त्याला घेऊन ती सगळी गेली. मुख्याध्यापक म्हणाले, “बरं केलंत. उगाच आपल्यावर कशाला.” मी नववी ब वर तास घ्यायला गेलो.

पुढचं मी प्रत्यक्ष पाहिलं नाही. व्हिडिओ पाहिला, तो आमच्या शिक्षकांच्याच ग्रुपवर आला. पाटी उतरवून जमिनीवर ठेवली होती. पेंटर उकिडवा बसून काळ्या रंगानं ती पुसत होता. स्वतःच्याच हातानं पुसायची, अशी अट होती. त्यानं शेवटच्या अक्षरापासून सुरुवात केली. मागे शाळेच्या खिडक्या बंद होत्या आणि आतून एक मूल रडत काहीतरी विचारत होतं, मॅडम त्याला गप्प करत होत्या. अक्षरं गेली, खिसा गेला. जनावराचं तोंड गेलं. डोळे तेवढे राहिले तेव्हा त्याचा हात थांबला. व्हिडिओ काढणाऱ्याच्या तोंडून आवाज आला, “ए पेंटर, डोळे बी.”

त्यानं डोळे पुसले. पाटीवरचे.

मॅडमची शाळा दिवाळीपर्यंतही टिकली नाही. पालकांनी भांडण केलं नाही, नुसती मुलं पाठवणं बंद केलं. पेंटरच्या बाबतीतही तसंच. कोणी त्याला तोंडावर नाही म्हटलं नाही. “या बारी फ्लेक्सच करतो, पेंटर,” एवढंच. अंगणवाड्यांच्या भिंतीसुद्धा दुसऱ्याला गेल्या.

तो मला रस्त्यात भेटायचा. “नमस्कार सर” म्हणायचा, पूर्वीसारखंच. पण त्यानंतर त्यानं मला एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाही. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा हवापाण्यावर बोललो. मग एका सकाळी त्याच्या घरासमोर छोटा टेम्पो उभा दिसला. गाद्या, सायकल, शिडी. मी आमच्या माडीच्या खिडकीतून पाहिलं. खाली उतरलो नाही.

ही गोष्ट इथेच संपली असती. माझ्यासारख्या माणसांच्या अशा गोष्टी इथेच संपतात, हे तुम्हीही जाणता.

पण तीनेक वर्षांनी चौकात एक मोठा फ्लेक्स लागला. अध्यक्षांच्या पुतण्याच्या मुलाचा पहिला वाढदिवस. खेळण्यातल्या गाडीत बसलेलं गोंडस बाळ, भोवती शुभेच्छुकांचे फोटो, आणि त्या सगळ्यांच्या मधेमधे पोकेमॉन. पिवळे, निळे, नारिंगी. सगळ्यांत वर, केकच्या चित्राशेजारी, ते नावसुद्धा इंग्रजीत. पुतण्या स्वतः खाली उभा राहून दोऱ्या ताणून घेत होता.

मी विचारलं, “अरे, हे चालतं का आता?”

“काय, सर?”

“हे. पोकेमॉन.”

“कार्टून हाये ना, सर,” तो हसत म्हणाला. “पोट्ट्याले लय आवडते.”

मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तो माझी थट्टा करत नव्हता. त्याला आठवतच नव्हतं. एक माणूस गावातून उठवला, आणि कशासाठी उठवला ते उठवणाऱ्याच्या लक्षातही नव्हतं. ते लक्षात ठेवायचं काम बहुतेक माझ्याकडे आलं होतं.

रविवारी मी बस धरली. पेंटर पैनगंगेच्या पलीकडे, तेलंगणात, हायवेच्या कडेला, ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजवर काम करतो असं कोणीतरी सांगितलं होतं. खोली सापडली. टिनाची, रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला. त्याची बायको दारात अंबाडीची भाजी निवडत बसली होती. तिनं मला ओळखलं. उठली, पाणी आणलं, खाट सरकवली.

“पेंटर कसे आहेत?”

“हायेत. ट्रकायवर लिवते. इकडं तेलगू लिवा लागते. मालक कागदावर काढून देते, हे पाहून पाहून काढते.”

“वाचता येतं का त्यांना?”

“नाही.”

“मग अर्थ...” एवढं बोलून मी थांबलो.

“इचारत नाही आता,” ती म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

मी बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं विसरून गेलो. एवढंच म्हटलं, “वहिनी, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं.”

तिनं एक देठ मोडला. “बोलले असते तं काय केलं असतं तुमाले त्यायनं?”

खोटं बोलायचं नाही एवढं मी बसमधून उतरतानाच ठरवलं होतं. मी विचार केला. माझी कायम नोकरी. गावात मान. ती पोरं माझीच. “काहीच नाही,” मी म्हणालो. “फार तर अध्यक्ष चार दिवस बोलले नसते.”

“मंग काहून नाही बोलले, सर?”

ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि माझ्याकडे पाहत ती थांबली. मी पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

शेवटी तीच म्हणाली, “थांबा, त्यायले बलावते.” आणि पदराला हात पुसून फोन लावला.

तेव्हा मला तो दिसला. रस्त्याच्या पलीकडे, गॅरेजसमोर, एका ट्रकच्या मागच्या फळीपुढे बुटक्या स्टुलावर. पाठ आमच्याकडे. केस पार पांढरे झाले होते. खिशातला फोन वाजला तसा त्यानं डाव्या हातानं तो कानाला लावला. उजव्या हातातला ब्रश चालूच होता.

“पांढरकवड्याचे सर आले,” ती म्हणाली. फोनचा आवाज मोठा होता, मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. मधून एक लांब ट्रेलर गेला. तो जाईपर्यंत फोनमध्ये नुसती घरघर.

“चहा पाज त्यायले,” तो म्हणाला. “अन सांग, मी बाहेरगावी गेलो म्हून. आठ दिवस येत नाही.”

तिनं घाईघाईनं फोन पदराखाली धरला. पण ऐकून झालं होतं, आणि ते तिला कळलं होतं. तिकडे त्यानं फोन खिशात टाकला. मान जरासुद्धा वळवली नाही.

“चहा ठेवते,” ती माझ्याकडे न पाहता म्हणाली.

मी चहा घेतला. तो पाजायला सांगितला होता, म्हणून पूर्ण कप घेतला. मग निघालो. माझी बस पलीकडच्या बाजूनं, गॅरेजसमोरूनच मिळत होती. मी रस्ता ओलांडला नाही. याच बाजूनं, भर उन्हात, पुलापर्यंत चालत गेलो. निदान तेवढा वेळ तरी त्याला बाहेरगावी राहता यावं.